घरचा जमाखर्च : डब्यांतलीं स्मारक-नाणीं

गेल्या महिन्यांत सातारा जिल्ह्यांतील एका वाचक-भगिनीचें दीर्घ पत्र आम्हांस आलें. त्यांतला खासगी मजकूर वगळून सारांश येथें देतों, कारण थोड्याफार फरकानें तोच प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आज ना उद्यां निघणार आहे. ह्या बाईंचे सासरे एका बँकेंत रोखपाल होते. नवें स्मारक-नाणें खिडकीवर आलें कीं, पदरचे तितकेच पैसे गल्ल्यांत टाकून त्यांतलें एखाददुसरें घरीं आणावयाचें, असा त्यांचा नोकरीभर परिपाठ होता. पुढें निवृत्त झाल्यावरहि जुन्या सहकाऱ्यांकडून तो त्यांनीं चालूच ठेविला. नाणीं एका जुन्या बिस्किटांच्या डब्यांत पडत गेलीं. सासरे वारले, वर्षश्राद्ध झालें, आणि वाटणीचा विषय निघाला. घर, शेत व ठेवी तिघां भावांत आणि एका बहिणींत बिनबोभाट वांटल्या गेल्या. मुलीस २००५ च्या दुरुस्तीनें जो बरोबरीचा हक्क मिळाला, तो ह्या घरानें कोणी न सांगतां मानला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. परंतु एवढ्या समजूतदार घरांत डबा मात्र आडवा आला.

झालें असें कीं, धाकट्या दिरांनीं मोबाईलवर कोठेंसें पाहिलें कीं, इंदिरा गांधींच्या पांच रुपयांच्या नाण्यास तीन लाख रुपये मिळतात. डब्यांत तशीं चार नाणीं. म्हणजे बारा लाख! त्या दिवसापासून डब्यास कुलूप लागलें. किल्ली कोणाकडे असावी ह्यावरून जावाजावांचें बोलणें बंद झालें, आणि ‘मामंजींच्या आजारपणांत डबा कोणाच्या खोलींत होता?’ असा प्रश्न एकदां पंगतींत निघाला, तेव्हां थोरल्या जाऊबाई ताटावरून उठल्या. आतां एका ‘खरेदीदारा’नें फोनवरून नोंदणीचे म्हणून पांच हजार रुपये आगाऊ मागितले आहेत, आणि ते सामाईक शिलकेंतून द्यावे असा दिरांचा आग्रह आहे. बाईंनीं सबंध डब्याची यादी करून पाठविली आहे आणि विचारलें आहे, ‘ह्याची खरी किंमत काय, तें एकदां कोणी तिऱ्हाइतानें सांगावें.’

प्रथम तातडीचें सांगतों. ते पांच हजार रुपये पाठवूं नयेत. पांच हजार तर नाहींतच, पांच रुपयेहि पाठवूं नयेत. विकणाऱ्यानेंच घेणाऱ्यास आधीं पैसे द्यावयाचे, असा व्यवहार आम्हीं भाजीबाजारापासून सराफकट्ट्यापर्यंत कोठेंहि पाहिला नाहीं. आज नोंदणी, उद्यां कमिशन, परवां कर, अशीं नांवें बदलत जातात, प्रत्येक नांवास नवी रक्कम लागते, आणि एके दिवशीं तो फोन लागेनासा होतो. ह्या फसवणुकींत रिझर्व्ह बँकेचें नांव व बोधचिन्ह सर्रास वापरलें जाऊं लागलें, म्हणून त्या बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्धिपत्रक काढून कळविलें कीं, जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहारांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, ती त्यासाठीं कसलेंहि शुल्क मागत नाहीं, आणि तसें शुल्क घेण्याचा अधिकार तिनें कोणासहि दिलेला नाहीं. दिरांना हें शांतपणें सांगावें. चारचौघांत मात्र सांगूं नये. आमच्या एका आत्याबाईंचे अकरा हजार रुपये ह्याच मार्गानें गेले. त्यांस पैशाचें दुःख फारसें नव्हतें. आपण भोळ्या ठरलों हें शल्य मात्र इतकें, कीं वर्षभर त्यांनीं ती गोष्ट घरांत कोणास कळूं दिली नाहीं, आणि त्या गप्प राहिल्या म्हणूनच त्यांच्या एका मैत्रिणीचेहि पैसे त्याच माणसाकडे गेले.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नाण्यावर छापलेली ती दर्शनी किंमत. त्यांत जो धातु आहे त्याची मोडीची किंमत वेगळी. आणि संग्रह करणारा एखादा हौशी मनुष्य त्यासाठीं जें देईल, ती तिसरी. घरांतल्या डब्याचा हिशेब ह्या तीन किमतींतच संपतो. अलीकडे एक चौथी किंमत निर्माण झाली आहे, ती म्हणजे कोणीतरी नुसती मागितलेली किंमत. मोबाईलवर तीन लाखांचा आंकडा दिसतो तो ह्या चौथ्या जातीचा. आपल्या दारांतल्या मोडक्या पाटावर ‘किंमत एक लक्ष’ अशी चिठ्ठी डकविण्यास कोणास मज्जाव आहे? पाट त्या किमतीस कोणी नेला काय, एवढेंच पाहावयाचें. लिलांवांत माल किती रुपयांस सुटला ह्याचे आंकडे नाण्यांचे लिलांव करणाऱ्या संस्था प्रसिद्ध करतात. बघावयाचे तर ते बघावे. छापील सूचींतल्या किमतीहि जपूनच वाचाव्या, कारण बहुधा त्या दुकानदारानें गिऱ्हाइकास विकावयाच्या असतात, गिऱ्हाइकाकडून घ्यावयाच्या नसतात. ह्या दोहोंतलें अंतर सोन्याचांदीच्या पेढीवर थोडें असतें. साध्या नाण्यांत तें फार मोठें असतें, जुन्या क्रमिक पुस्तकांत असतें तसें.

एक सोपा उपाय आम्ही स्वतः करून पाहिला आहे. घरांतल्या एका माणसानें नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन ‘हें नाणें आपणाकडे आहे काय, कितीला द्याल?’ असें विचारावें. आठ दिवसांनीं दुसऱ्यानें तेंच नाणें नेऊन ‘हें घेतां काय, किती द्याल?’ असें विचारावें. दुसऱ्या प्रश्नास जें उत्तर मिळतें तीच आपली किंमत. तीन दुकानीं विचारलें कीं अंदाज पक्का होतो. आम्ही विचारावयास गेलों तेव्हां व्यापाऱ्यानें फळीवरची एक बरणी काढून आमच्यापुढें ठेवली. तींत आमच्यासारखींच नाणीं ओंजळभर होतीं. ‘घेऊन काय करूं, साहेब? हींच जात नाहींत.’ एवढें बोलून त्यानें चहा मागविला. मनुष्य भला होता.

अशी बरणी भरते कां, हें समजलें म्हणजे निम्मा लोभ आपोआप गळून पडतो. स्वतंत्र हिंदुस्थानचीं पहिलीं स्मारक-नाणीं १९६४ सालीं पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालीं, एक रुपयाचें व पन्नास पैशांचें. तेव्हांपासून टांकसाळींनीं असंख्य प्रसंगांचीं नाणीं पाडलीं. जीं चलनासाठीं पाडलीं तीं लाखांनीं, कोट्यवधींनीं पाडलीं. आणि प्रत्येक घरांतल्या कोणीतरी ‘हें वेगळें दिसतें, राहूं द्या’ म्हणून त्यांतलें एखादें बाजूस ठेवलें. सगळ्यांनींच जपलेली वस्तु दुर्मिळ कशी होणार? दुर्मिळ होतें तें कोणी न जपलेलें, मीठमिरचीस खर्चून गेलेलें, किंवा मुळांतच थोडें पाडलेलें. जपण्यासाठीं म्हणूनच जें निघतें, तें जपलें गेल्यामुळेंच स्वस्त राहतें.

आतां यादी घेऊं. यादी फार व्यवस्थित आहे. रोखपालांच्या सूनबाई शोभतात.

नेहरूंचे रुपये ९. हीं शुद्ध निकेलचीं आहेत. तीं चांदीचीं आहेत असा घरांत समज आहे, परंतु लोहचुंबक लावून पाहावें. निकेल चुंबकास चिकटतें, चांदी चिकटत नाहीं. किंमत दर्शनी धरावी, म्हणजे नऊ रुपये. एखादें मुळींच न वापरलेलें, कडा तीक्ष्ण राहिलेलें निघालें तर हौशी मनुष्य त्याहून बरें देईल, पण त्यानें कोणाचें दैन्य फिटणार नाहीं. पन्नास पैशांच्या नाण्यांत हिंदी अक्षरांचें एक व इंग्रजी अक्षरांचें एक असे दोन प्रकार आहेत. मुलांस जोडी लावावयास बरे.

गांधीजींचीं वीस पैशांचीं पिवळीं नाणीं ४३. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ सालापासून निघालेलीं हीं नाणीं महाराष्ट्रांत घरोघर सांपडतात, ‘ह्यांत सोनें मिसळलें आहे’ ह्या जुन्या अफवेमुळें. सोनें नाहीं, तांबें व ॲल्युमिनियम ह्यांची ती मिश्रधातु. बाईंनीं ह्यांपुढें ‘साल १९४८’ असें लिहिलें आहे, त्याचाहि उलगडा करतों. नाण्यावर १८६९-१९४८ असे जे आंकडे आहेत तीं जन्ममृत्यूचीं सालें आहेत, पाडल्याचें साल नव्हे. इंदिराबाईंच्या नाण्यावरील १९१७-१९८४ चीहि हीच गोष्ट. वीस पैशांच्या नाण्यास आतां दर्शनी किंमतहि उरली नाहीं, कारण पंचवीस पैसे व त्याखालचीं सर्व नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून रद्द झालीं. पन्नास पैसे मात्र कायद्यानें अजून चालतात, मग किराणा दुकानदार नाक मुरडो.

आतां चांदी. डब्यांत खरी किंमत कोठें असेल तर येथेंच आहे, आणि तिकडे घरांत कोणाचें लक्षच गेलेलें नाहीं. गांधीजींचीं दहा रुपयांचीं नाणीं ३. प्रत्येकाचें वजन १५ ग्रॅम आणि कस शेंकडा ८०. म्हणजे प्रत्येकीं १२ ग्रॅम शुद्ध चांदी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचें १९७२ चें दहा रुपयांचें नाणें १. तें हातांत जड लागतें, सुमारें २२ ग्रॅम भरतें, म्हणून बाईंनीं तें यादींत सर्वांवर लिहिलें आहे. परंतु त्याचा कस निम्मा, त्यामुळें त्यांतली चांदी सुमारें ११ ग्रॅमच. मोठें नाणें लहान नाण्याहून किंचित् हलकें ठरतें तें असें. चारींची मिळून सुमारें ४७ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें चार तोळ्यांच्या आसपास. त्या दिवशींच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावानें गुणावें म्हणजे हिशेब झाला. हीं नाणीं निघालीं तेव्हां त्यांतली चांदी दहा रुपयांचीहि नव्हती. आज ती दर्शनी किमतीच्या कित्येक पट आहे. हें कोणाच्या चातुर्यानें झालें नाहीं, रुपया उतरला आणि चांदी चढली इतकेंच.

सराफाकडे मात्र हा पुरा हिशेब पदरांत पडेल अशी अपेक्षा करूं नये. शेंकडा ५० कसाचा माल त्यास नको असतो, आणि तो गाळणीची घट धरतो. शिवाय सरकारी नाणें वितळविणें हा कायद्यानें अपराध आहे. २०११ च्या नाणे-कायद्यानें स्मारक-नाणींहि त्यांत घेतलीं आहेत. तेव्हां अशीं नाणीं मोडीस देण्यापेक्षां नाण्यांच्या व्यापाऱ्यास अथवा संग्राहकास नाणीं म्हणूनच विकावीं. पैसेहि तेथें बरे मिळतात.

यादींत ‘चांदीचे दहा रुपये, १९७४, नग २’ अशी एक ओळ आहे. त्यांत चांदी नाहीं. त्या सालापासून दहा रुपयांचें नाणें तांबें-निकेलचें निघूं लागलें. आकार मोठा, चकाकी तीच, म्हणून भलेभले फसतात. येथें चुंबकहि उपयोगी नाहीं, कारण तांबें-निकेलहि त्यास चिकटत नाहीं. सालच पाहावें.

आणि आतां ज्यावरून सारें रामायण झालें तीं इंदिरा गांधींचीं पांच रुपयांचीं नाणीं ४. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं त्यांची हत्या झाली, त्यानंतर १९८५ सालीं हीं निघालीं. तांबें-निकेल, वजन साडेबारा ग्रॅम. चलनांत ढिगांनीं आलीं, आणि वर सांगितल्याप्रमाणें घरोघर जपलीं गेलीं. ह्या चारांची दर्शनी किंमत वीस रुपये. चांगल्या स्थितींत असतील तर व्यापारी थोडें अधिक देईल. पण चारींचें मिळून एका कुटुंबाचें एक वेळचें हॉटेलांतलें जेवण सुटेल कीं नाहीं, ह्याचीहि आम्हांस शंका आहे. तीन लाख तर दूरच. हें वाचतांना दिरांचें तोंड उतरेल हें आम्ही जाणतों. त्यांचा मुलगा पुण्यास वसतिगृहांत राहून शिकतो आहे असें पत्राच्या शेवटीं बाईंनींच लिहिलें आहे. बारा लाखांचें गणित त्यांनीं कशासाठीं मांडलें तें उघड आहे. त्यांस लोभी म्हणणाऱ्या जाऊबाईंनींहि ती ओळ एकदां पाहावी.

वैष्णोदेवीचीं नाणीं ६. हीं २०१२ सालचीं, पांच व दहा रुपयांचीं. त्या देवस्थान-मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेलीं. हींहि ‘लाखमोलाचीं’ म्हणून गाजत असतात. श्रद्धेचा विषय असल्यामुळें त्यांविषयींची अफवा अधिकच टिकते. देव्हाऱ्यांत ठेवावयाचीं तर अवश्य ठेवावीं. बाजारांत तीं पांचाचीं पांच आणि दहाचीं दहाच.

आंबेडकरांचा रुपया (१९९०), ज्ञानेश्वरांचा रुपया (१९९९), शिवछत्रपतींचे दोन रुपये (१९९९), तुकोबांचे दोन रुपये (२००२), हीं ‘पुष्कळ’ असें लिहिलें आहे. मराठी माणसानें हीं जपलीं नाहींत तर कोण जपणार? म्हणूनच इकडे तीं विशेष सुलभ. दर्शनी किंमत धरावी आणि नातवंडांस वांटून टाकावीं. कांहीं नाण्यांवर सालाखालीं चिन्ह नाहीं म्हणून थोरल्या भावोजींस तीं ‘चुकीचीं व म्हणून मौल्यवान’ वाटतात, असें पत्रांत आहे. चूक नाहीं. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची वाटोळा ठिपका, आणि कलकत्त्याची खूण म्हणजे कांहींच खूण नसणें. त्या नाण्यांचा जन्म कलकत्त्याचा, इतकाच त्याचा अर्थ.

लंडनास असणाऱ्या वन्संनीं आणलेलीं दोन नाणींहि डब्यांत आहेत, चर्चिलचें १९६५ चें आणि चार्ल्स-डायनाच्या विवाहाचें १९८१ चें. तीं तिकडल्या नियमानें पाव पौंडाचीं. चर्चिलचें एक कोटि नव्वद लाखांहून अधिक पाडलें गेलें. विलायतेंतहि आजीबाईंच्या कपाटांत तींच दोन असतात, आणि तिकडचे दुकानदारहि तीं पाहून बरणीच काढीत असावेत.

एका ओळीनें मात्र आम्हांस थांबविलें. ‘टांकसाळेच्या पेटींतला संच, १, प्लास्टिक न फोडलेला.’ टांकसाळी चलनाखेरीज खास संग्राहकांसाठीं आरशासारख्या पृष्ठभागाचीं नाणीं पाडून पेटींत घालून आगाऊ मागणीवर विकतात. इंग्रजींत ज्यांस प्रूफ म्हणतात तीं हीं. संख्या थोडी, किंमत पहिल्यापासूनच दर्शनीपेक्षां अधिक. मुंबईच्या जुन्या प्रूफ नाण्यांवर बी हें अक्षर असतें, पुढें त्या जागीं एम् आला. ही पेटी उघडूं नये, आंतल्या नाण्यास बोट लावूं नये, आणि मुख्य म्हणजे ती फोडून चौघांत वांटूं नये. संच मोडला कीं अर्धी किंमत गेली. पेटीवरचें साल व प्रसंग पाहून त्याच संचाचे लिलांवांतले सुटलेले भाव शोधावे. मग एका भावंडानें ती घ्यावी व इतरांस तितकें भरून द्यावें, किंवा विकून पैसे वांटावे.

स्वच्छतेविषयीं दोन शब्द लिहितों, कारण तेथें आमचाहि हात भाजला आहे. बाई लिहितात, ‘दर लक्ष्मीपूजनास नाणीं चिंचमिठानें लख्ख करून, दुधानें धुऊन, हळदकुंकू वाहण्याची आमच्याकडे चाल आहे.’ आमच्याकडेहि होती. आमच्या आजीच्या हातून कोणतेंहि भांडें वा नाणें मळकें राहिलें नाहीं, आणि तिनें घासलेल्या एका नाण्यावर राजाचें नाकच उरलें नाहीं. संग्राहकास नाण्यावरचा काळानें आलेला रंग हवा असतो. घासलेलें नाणें त्यानें दुरूनच ओळखलें म्हणून समजावें. ह्यास्तव प्रूफ संच आणि चांदीचीं चार नाणीं पूजेंत नुसतीं ठेवावीं, चिंच लावूं नये. बाकीचीं मनसोक्त घासावीं. ज्या नाण्याची किंमत दर्शनीहून वर जाणारच नाहीं तें देवीपुढें लख्ख दिसलें, तर त्यांत कोणाचें काय गेलें?

नाण्यांची ओळख मुलांस करून द्यावी असें वाटल्यास मुंबईस फोर्टमध्यें रिझर्व्ह बँकेचें नाणेसंग्रहालय २००४ पासून आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीस नाणेशास्त्राची संशोधनसंस्थाहि आहे. तेथें कोणी किंमत सांगत नाहीं कीं विकत घेत नाहीं, आणि तेंच एका परीनें चांगलें.

वाटणीविषयीं आम्हांस सुचतें तें असें. चांदीचीं नाणीं चार, भावंडें चार. प्रत्येकानें एक घ्यावें. तिघांस बारा बारा ग्रॅम आणि चौथ्यास सुमारें अकरा. ह्या एका ग्रॅमची भरपाई म्हणून तिघांनीं वाटल्यास त्या चौथ्यास इंदिराबाईंचीं चारहि नाणीं द्यावीं. प्रूफ संचाचें वर सांगितलेंच आहे. उरलेल्या डब्याची दर्शनी किंमत बाईंच्याच यादीवरून कांहीं शेंकड्यांच्या आंत येते. तिची वाटणी करण्यांत जो वेळ जाईल त्याची मजुरी त्याहून अधिक पडेल, आणि विकावयास टपालानें धाडलीं तर टपालखर्च किमतीस खाऊन टाकील. म्हणून डबा सासूबाईंकडे द्यावा, कुलूप काढून. मामंजींनीं तीं नाणीं कोणत्या दिवशीं, कोणत्या प्रसंगानें घरीं आणलीं हें त्यांसच ठाऊक असणार. तें विचारून वहींत लिहून ठेवावें. पत्रांत सगळ्यांचीं मतें आलीं आहेत, त्यांचें मात्र एकहि वाक्य नाहीं.

राहतां राहिली यादींतली शेवटची ओळ. ‘राजाचे साधे रुपये ५, स्मारक नव्हेत, म्हणून धरूं नयेत. त्यांत १९४० पुढचे चार आणि एक पुसट, ३८ किंवा ३९ असावा.’ बाईंनीं हे वगळले आहेत, आम्ही वगळूं देणार नाहीं. १९३९ पर्यंतच्या रुपयांत बारा भागांत अकरा भाग चांदी असे, आणि रुपयाचें वजन बरोबर एक तोळा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. तेव्हां ह्या पांच रुपयांत मिळून फार तर तीन तोळ्यांस किंचित् कमी चांदी आहे, ती वाटणींत धरलीच पाहिजे. पण प्रश्न त्या पुसट रुपयाचा आहे. १९३८ चा रुपया सहज मिळतो. १९३९ चा फारच थोडा आढळतो, संग्राहक त्याच्या शोधांत असतात, आणि म्हणूनच आठाचा नऊ केलेले खोटे रुपयेहि बाजारांत फिरतात. रोखपालांनीं तो रुपया बाजूस ठेवला तो डोळसपणानें कीं सहज, हें आतां कोणास सांगतां येणार? उजेडांत, चांगलें भिंग घेऊन, शेवटचा आंकडा पाहावा. घासूं नये, पाण्यांत टाकूं नये, फोनवरच्या कोणासहि त्याचें छायाचित्र धाडूं नये. आठ निघाला तर तो चांदीच्या भावानें इतर चौघांबरोबर धरावा. नऊ निघाला तर घरच्या दोघांनीं मिळून तो स्वतः जाणत्या माणसाकडे न्यावा, समोर तपासून घ्यावा, आणि तोंवर तो कोणाच्याच वाट्यास घालूं नये. काय निघालें तें बाईंनीं आम्हांस अवश्य कळवावें.